पवनेकाठची पुळण

मास्तर धावायला निघत तेव्हा अंगात पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि बनियन असे, आणि पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. बुटांच्या नाड्या ते कधी बांधत नसत. कासारवाडीच्या आमच्या खोल्यांच्या रांगेसमोरून ते असे खाड खाड करत गेले की घरमालकीण मावशी चुलीपुढून ओरडायच्या, "गेला बया दर्यावर! आरं, हितं जवळ डबकं तरी हाय का?"

मास्तर थांबत नसत. जाता जाता म्हणत, "आसा मावशी, आसा. बघूक नजर व्हयी."

ते दक्षिण कोकणातले, अगदी समुद्राच्या तोंडावरच्या गावचे. पोट भरायला चिंचवडला आले, एका फाउंड्रीत वाळूवर लागले आणि पंधराएक वर्षं वाळूवरच राहिले. लोखंडाचा रस ओततात त्या साच्यांची वाळू ओली किती, चिकट किती, ते बघायचं त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळा त्यांची चौथीपर्यंत. माझी त्यांच्यापेक्षा तीन यत्ता जास्त, पण मला कुणी मास्तर म्हटलेलं नाही आणि ते बरोबरच आहे.

वाळू तपासायची त्यांची रीत मी शेकडो वेळा पाहिली. मुठीत घ्यायची, दाबायची, मग तो लाडू दोन हातांनी हळूच मोडायचा आणि मोडलेल्या कडेकडे बघायचं. कड स्वच्छ तुटली तर मान हलायची. नाही तुटली तर म्हणायचे, "पाणी मार. तान्हेली आसा." वाळूला तहान लागते, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. पुढं एक शिकलेला साहेब यंत्र घेऊन आला. काचेच्या पेटीत वाळू घातली की काटा ओल दाखवायचा. दोघांची पैज लागली. सगळ्या शॉपला वाटलं, आता मास्तर साहेबाची जिरवणार. झालं उलटंच. चारपैकी तीनदा यंत्र बरोबर निघालं आणि एकदा मास्तर. आम्ही माना खाली घातल्या. मास्तर मात्र दिवसभर ज्याला त्याला धरून सांगत होते, "अरे, यंत्राक पण कळता रे! माझ्यासारखाच कळता!" जसं काही त्यांना भाऊ झाला होता.

आता ते धावायचे कुठं, ते सांगतो.

फाउंड्रीत जळून काळी पडलेली वाळू मागच्या अंगाला, नदीकडे नेऊन ओतत. वर्षानुवर्षं ओतून तिथं टेकड्या झाल्या होत्या, एकामागं एक, अर्धगोल. आम्हाला तो उकिरडा दिसायचा. मास्तरांना ती त्यांच्या गावची पुळण दिसायची. पुळण म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा पट्टा. हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. आमच्या परभणीकडं वाळू म्हणजे आटलेल्या नदीचं पोट, एवढंच मला ठाऊक.

गावाकडं लहानपणी ते रोज सकाळी एक फेरी धावत. घरापासून मोठी पुळण, मग खाडीचं तोंड, पलीकडं लहान पुळण, तिच्या मागं वाळूच्या टेकड्या, टेकड्यांवर सुरूचं बन, आणि परत. ती सगळी फेरी त्यांनी चिंचवडला मांडली होती. पवना म्हणजे दर्या. कंपनीच्या सांडपाण्याची नाली म्हणजे खाडी. बाभळी म्हणजे सुरू. रस ओतायचं एक मोडकं भांडं गंजून पालथं पडलं होतं, ते वाटेवरचं, गावच्या रवळनाथाचं देऊळ. तिथं ते धावता धावता छातीला हात लावत. वाळूत लोखंडाचे तुकडे आणि खिळे असायचे, म्हणून ते बूट. नाहीतर पुळणीवर बूट घालून जाणं म्हणजे, त्यांच्या मते, देवळात बूट घालून जाण्यासारखं.

मला ह्या फेरीत कसं ओढलं, त्याला कारण माझी छाती.

मी भित्रा माणूस आहे. आजही आहे. सातवीच्या परीक्षेला तालुक्याला गेलो, पेपर हातात आला, आणि छातीत असं धडधडायला लागलं की अक्षरं हलायला लागली. कोरा पेपर ठेवून बाहेर आलो, आणि मग शाळेतच गेलो नाही. घरी कुणी मारलं नाही. वडील फक्त म्हणाले, "असू दे." ते "असू दे" मला माराहून लागलं. दुष्काळ पडला त्या सालानंतर गावच्या एकाबरोबर इकडं आलो आणि फाउंड्रीत टेंपररी लागलो. काम अंगमेहनतीचं. ते मला जमायचं. पण कायम करायच्या आधी कंपनी मेडिकल करायची. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि झालं, पुन्हा तेच. धडधड, धडधड. डॉक्टर म्हणाले, "काय रे, धावत आलास का?" मी खरं सांगितलं, "नाही साहेब, बसून होतो." त्यांनी कागदावर लिहिलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही असंच निघालं तर माणूस घरी.

म्हणजे पुन्हा परीक्षा. पुन्हा ते "असू दे".

त्या दिवशी मी खोलीत अंधार करून बसलो होतो. मास्तर भिंतीपलीकडचे. त्यांनी दार ढकललं, सुक्या बांगड्याचा वास आधी आत आला आणि मागून ते. सगळं ऐकून घेतलं. मग माझी मूठ घेतली, दाबली, उलटीसुलटी करून बघितली, वाळूसारखीच.

"तुझा काय बिघडूक नाय," ते म्हणाले. "छाती रिकामी बसता म्हणान भिता. दमलेल्या छातीक भिवाक सवड गावणा नाय. उद्या माझ्यावांगडा धावाक ये."

मी म्हणालो, "मास्तर, लोक हसतील."

"माका पंधरा वर्सां हसतत. माझा काय झाला?"

मी गेलो.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या टेकडीवर पडलो आणि तोंडात काळी वाळू घेऊन उठलो. बूट इतके जड की पाय उचलला तर वाटायचं बूट खालीच राहिला. मास्तर पुढं. मागं न बघता ओरडायचे, "दर्या उजवीकडे ठेव! दर्या उजवीकडे असलो की माणूस चुकणा नाय!" पवना तिकडं गुडघाभर पाण्यात डास पाळून पडलेली. पण त्यांनी म्हटलं की मी उजवीकडं बघायचो. काय करणार, माझा तोच एक डॉक्टर होता.

सगळ्यात गंमत भरतीची. मास्तर गावाकडच्या भरती-ओहोटीप्रमाणे धावत. कोकणात कोळी हिशेब करतात तसा त्यांचा हिशेब तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता समुद्र भरलेला. अशा सकाळी खाडी पायी ओलांडता येत नाही, वरच्या अंगानं वळसा घालून जावं लागतं. म्हणून अष्टमीला आम्ही ती हातभर रुंद नाली ओलांडत नसू. वरच्या मोरीवरून लांब फेरा घालून जायचो. नालीत पाणी किती? बुटाचा तळवा भिजेल एवढं, वर तेलाचा तवंग.

एका नवमीला मला कंटाळा आला आणि मी नालीवरून सरळ उडी मारली.

मास्तर जागच्या जागी थांबले. "बुडालंस मेल्या!" एवढंच म्हणाले, आणि वळून एकटेच वळशानं गेले.

दोन दिवस बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी समोर बसलो तर माझ्या आरपार बघायचे. मी विचारलं, "मास्तर, रागावलात का?" तर शेजारच्याला म्हणाले, "ह्या पोरग्याचा वाईट झाला. नवमीच्या भरतीत गेलो बिचारो. बुडालेल्या माणसाशी काय बोलाचा?" शॉपमध्ये हसून हसून लोक वाकडे झाले. तिसऱ्या सकाळी दार वाजलं. मास्तर दारात. "चल. काल रात्री तुझा मढा लागला काठाक. जिता निघाला." त्यानंतर मी नाली कधी उडी मारून ओलांडली नाही. चेष्टा होती, तरी नाही.

पावसाळ्यात दर्या बंद. होड्या काठाला ओढून ठेवतात ते दिवस, म्हणून टेकड्यांवर जायचं नाही. मास्तर मग ओसरीत जागच्या जागी धावत. खाड खाड खाड, पत्रे थरथरायचे. मावशी म्हणायच्या, "मास्तर, वासं पडतील व्हो! परत जावा तुमच्या दर्यावर, म्या काय बी म्हननार न्हाई." नारळी पौर्णिमेला मात्र मास्तर सदरा-लेंगा घालून, नारळाला कुंकू लावून नदीवर आले. चार-पाच कामगार कौतुकाने जमले. नारळ वाहिला, हात जोडले, दर्या सुरू झाला असं जाहीर केलं. नारळ डुलत डुलत गेला. खालच्या अंगाला मावशी धुणं धूत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीत ओल्या खोबऱ्याची चटणी आणून दिली. "घ्या मास्तर. दर्याचा परसाद." मास्तरांनी ती डोळ्यांना लावून खाल्ली. वर म्हणाले, मीठ जास्त आहे, म्हणजे समुद्राचीच.

पण हे आधीच्या पावसाळ्यातलं, तेव्हा मी नुसता बघ्या होतो. माझं धावणं पौषात सुरू झालं, आणि मेडिकल शिमग्यानंतर तिसऱ्या दिवशी आली. तारीख कळली तशी माझी छाती पुन्हा सुरू. धावताना ठीक, पण रात्री पडलो की धडधड. मास्तर शिमग्याला गावी जाणार होते. मी एकटा राहणार ह्याची मला जास्त भीती. ते त्यांना न सांगताच कळलं.

"चल माझ्यावांगडा," म्हणाले. "खरी फेरी एकदा मार. मगे डॉक्टराक काय तो हात दाखव."

"आणि परत यायला चुकलं तर?"

"अकराची एसटी सुटता. पुण्याक रात्री लागता. दुसऱ्या दिवशी नऊक तू डॉक्टरासमोर. ह्यात चुकाचा काय?"

दिवसातून एकच गाडी होती. मी ती चार वेळा विचारून घेतली.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी काय म्हणालो, ते मास्तर पुढं सगळ्यांना सांगत सुटले, म्हणून मीच सांगतो. मी म्हणालो, "मास्तर, हा डावीकडं बी आहे!" उजवीकडं ठेवा म्हणून ऐकत आलो होतो, मला वाटलं एका बाजूनं संपत असेल. मास्तर वाळूत बसले आणि पोट धरून हसले.

मास्तरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, वर्षभर गावीच असत. उंच, कमी बोलणाऱ्या. मला आंबोळ्या वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचा सामान बांधून दारात ठेवा हां. ह्यांच्यावर भरवसो ठेवू नका." मी सामान बांधून ठेवलं. पिशवीत धुतलेले कपडे, कंपनीचा कागद, मेडिकलची चिठ्ठी.

निघायच्या दिवशी वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीड वाजता. सकाळी खाडी पायी ओलांडता येणार. उजाडता उजाडता आम्ही निघालो, अनवाणी.

ते मला कधी नीट सांगता येणार नाही. तीन महिने लोखंडाचे बूट ओढलेले पाय मोकळे झाले होते. ओली वाळू पायाला ढकलत होती, पुढं जा म्हणून. मी धावत नव्हतो, मला कुणी तरी उचलून नेत होतं. बारक्या कुर्ल्या समोरून तुरुतुरु पळून बिळात जायच्या. खाडीच्या तोंडाशी पाणी पोटरीपर्यंत, थंड. पलीकडं लहान पुळण, तिच्यावर आमच्या आधी कुणाचं पाऊल नाही. मागं पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली, वर सुरूचं बन सूं सूं करणारं. मी चिंचवडची एक एक टेकडी ओळखत होतो. देऊळ दिसलं तेव्हा माझा हात आपसूक छातीकडं गेला. मास्तरांनी ते बघितलं. त्यांनी वेग वाढवला. पन्नाशीचा माणूस, पट्ट्यांच्या चड्डीत, पोरासारखा उड्या मारत चालला होता. मी मोठ्यांदा हसत सुटलो. कशाला हसत होतो कुणास ठाऊक.

परत फिरणार, तेवढ्यात लहान पुळणीवर रापण लागली. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं काठावरून ओढतात. तिथला रिवाज असा की वाटेनं जाणाऱ्यानं दोराला हात लावायचा. लावला की तो त्या दिवसापुरता त्यांचा माणूस, मासळीत त्याचा वाटा.

"अरे, चाकरमानी इलो! धर दोर!" कुणी तरी ओरडलं.

मास्तरांनी दोर धरला. मी मागं धरला. दोर कमरेला टेकवायचा आणि उलटं चालत ओढायचा. एक जण हाळी द्यायचा, बाकीचे "हेऽऽ स्सा!" म्हणून मागं रेलायचे. माझ्या मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "खंयचो रे तू?" म्हटलं, परभणीचा. "थंय मासे गावतत?" म्हटलं, तिथं पाणीच गावत नाही. त्यावर अख्खा दोर हसला आणि हसताना ढिला पडला, तशी पुढच्यानं शिवी दिली. ऊन चढत होतं. जाळं जवळ येत होतं, पाण्याला चांदीसारखी उकळी फुटत होती. मी आयुष्यात इतक्या माणसांबरोबर एका लयीत कधी उभा राहिलो नव्हतो. गाडी, डॉक्टर, छाती, काही काही आठवलं नाही.

जाळं काठाला लागलं. मासळीचा ढीग पडला. आणि मी सहज वर बघितलं, तर सूर्य कुठल्या कुठं.

"मास्तर! किती वाजले?"

मास्तर ताठ झाले. इकडं तिकडं बघायला लागले, जसं काही तरी हरवलं होतं. मग अगदी खऱ्या नवलानं म्हणाले, "अरे, पण भोंगो खंय झालो?"

चिंचवडला आमची फेरी साडेसहाच्या भोंग्यानं संपायची. पंधरा वर्षं रोज. भोंगा झाला की मास्तर जिथं असतील तिथून मागं फिरत. घड्याळ त्यांनी कधी बाळगलं नाही, लागलंच नाही. तिथीवरून समुद्राची वेळ पाठ असलेला हा माणूस, स्वतःच्या गावच्या पुळणीवर उभा राहून कंपनीच्या भोंग्याची वाट बघत होता! आणि त्यांना काय हसू, मीही तीच वाट बघत होतो. आत कुठं तरी मला पक्कं वाटत होतं की वेळ झाली की तो होईलच.

रापणीवाल्यांपैकी एकाच्या मनगटावर घड्याळ होतं. साडेदहा वाजून गेले होते.

खाडीकडं धावलो. सकाळी पोटरीला लागलेलं पाणी आता माणूस बुडेल एवढं चढलेलं, आत खेचत होतं. होडी जाळ्याच्या कामात लांब गेलेली. मास्तर पोहून गेले असते. मला पोहता येत नाही. पलीकडं गाव दिसत होतं, एसटीचा टप दिसत होता, माझी पिशवी तिकडं होती, चिठ्ठी तिकडं होती.

माझी छाती सुरू झाली. मी वाळूत बसलो. "असू दे मास्तर," मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते शब्द निघाले, आणि मला माझीच भीती वाटली.

मास्तरांनी माझ्या बनियनची मान धरून उठवलं. "काय असू दे? एसटी खाडी कशी ओलांडतली? उडान? ती वरच्या पुलावरसून फिरान ह्याच बाजूक फाट्यावर येता. टेकड्यांच्या मागे फाटो. पाऊण तास आसा आपल्याकडे. ऊठ!"

"पण पिशवी..."

"आधी माणूस गाडीत घाल. मगे पिशवी."

आणि आम्ही धावलो. ही वाट आमच्या फेरीत नव्हती. कोरडी, भुसभुशीत वाळू, पाय घोट्यापर्यंत आत. एक टेकडी, दुसरी टेकडी, वेलीत पाय अडकला, पडलो, उठलो. सुरूच्या बनात काटे. तिसऱ्या टेकडीच्या चढावर मास्तरांचा श्वास मागं पडला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी पुढं होतो. मी वळलो.

"मागे बघू नको!" ते गुडघ्यांवर हात ठेवून ओरडले. "धाव मेल्या! माझी काय मेडिकल नाय!"

मी धावलो. छाती धडधडत होती, भात्यासारखी. पण चढाच्या माथ्यावर माझ्या लक्षात आलं की ही धडधड वेगळी आहे. ही मला थांबवत नव्हती, ओढत नेत होती. भीती कुठल्या टेकडीवर सुटली ते कळलंच नाही.

फाट्यावर पोचलो आणि एसटी वळणावर दिसली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. चड्डी, बनियन, केसात वाळू, एका ढोपरातून रक्त. गाडी करकचून थांबली. कंडक्टर खाली वाकला. मला वाटलं आता शिव्या देणार.

"तुम्हीच का ते धावत येणारे?" तो म्हणाला. "या, या. ही घ्या तुमची पिशवी. एक बाई स्टँडवर देऊन गेल्या. म्हणाल्या, आमचे हे वेळेवर यायचे नाहीत. एक माणूस वाटेत कुठं तरी धावत येईल, त्याला द्या. तिकीट पण काढून दिलंय. फक्त कुठं येईल ते त्यांना सांगता येईना."

सगळी गाडी खिडक्यांना लागली होती. एका बाईनं ढोपराला बांधायला फडकं दिलं. मी मागच्या खिडकीतून बघितलं, तर टेकडीच्या माथ्यावर मास्तर पोचलेले. हात वर करून नाचत होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत नाचत होते.

दुसऱ्या दिवशी नऊला डॉक्टरांनी मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले. पुन्हा धरलं. नळी लावली. मी समोरच्या भिंतीकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, मला झोप येत होती.

"गेल्या वेळचा तूच ना?"

"होय साहेब."

"काय औषध घेतलंस?"

"वाळू, साहेब."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, चेष्टा करतोय का म्हणून. मग हसले आणि सही केली. मी बाहेर आलो आणि सही पुन्हा दोनदा बघून घेतली. भीती निघून गेल्यावरही थोडी शिल्लक राहतेच माझ्यात. पण कागद हातात होता. त्याच दिवशी वडिलांना पत्र टाकलं. आयुष्यातलं पहिलं पास झाल्याचं पत्र.

आठ दिवसांनी मास्तर रजेवरून परत आले. गेटवर त्यांना गाठलं आणि कागद दाखवला. वाटलं, नाचतील. त्यांनी तो लांब धरून वाचला, घडी करून माझ्या खिशात घातला.

"मगे? आता मोठो माणूस झालंस," ते म्हणाले. मग बुटाकडं बघत, अगदी सहज विचारल्यासारखं, "आता काय, सकाळी कशाक उठतलंस?"

मी काही बोलायच्या आत ते वाळूकडं निघून गेले. दिवसभर त्यांनी विषय काढला नाही. चार वेळा एकाच ढिगाची वाळू मुठीत घेतली, मोडली, टाकली. मला तोपर्यंत वाटायचं, मास्तरांना कशाचीच भीती वाटत नाही. पंधरा वर्षं लोक हसले तरी ते एकटे धावले होते, त्यांना काय कमी? त्या संध्याकाळी मला कळलं की तीन महिने दोघांनी धावल्यावर पुन्हा एकट्यानं धावणं वेगळं असतं.

रोज सकाळी ते माझं दार वाजवत. दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेले, दार वाजलं नाही. मी उठलो, बूट घातले, आणि त्यांचं दार वाजवलं.

"कोण आसा?" आतून आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

"मी. चला मास्तर, उशीर होतोय."

कडी लगेच निघाली. मास्तर चड्डी-बनियनवर, बूट घालून, दाराला लागून उभे होते. किती वेळचे, ते मी विचारलं नाही.